घरचा हिशेब : हाड मोडण्याआधी वाचायचे कागद



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊन कपाटात गेले की आपल्या इंग्लंडातल्या घरांतून एका नव्या हट्टाला सुरुवात होते. फेब्रुवारीच्या हाफ टर्मला वर्गातली मुले स्कीइंगला जाणार असतात, मग "आपणच का नाही?" आम्ही मूळचे सांगलीकडचे. बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायचा, नाहीतर काडीला लावून रंगीत गोळा करायचा, एवढीच आमची त्या पदार्थाशी ओळख. पण पोरे इथली, त्यांना त्यावरून घसरायचे असते. मग सहल ठरते, हॉटेल ठरते, भाड्याचे बूट ठरतात आणि निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्यावर कुणाला तरी विम्याची आठवण होते. कॉम्प्युटरवर सगळ्यांत वर जी स्वस्त 'फॅमिली पॉलिसी' दिसेल ती घेतली, की झाले!

गणपतीच्या जेवणाच्या रांगेत या विषयावरून आम्हाला तिघाचौघांनी गाठले, म्हणून यावेळचे सदर विम्यावर. आम्ही विमा विकत नाही, कुणाची एजन्सीही नाही. पेशाने इंजिनिअर आहोत आणि स्पेसिफिकेशन वाचल्याशिवाय साधा पंपही घ्यायचा नाही ही जुनी खोड आहे. पॉलिसी म्हणजे तरी दुसरे काय? पैसे आज द्यायचे आणि माल बिघाड झाल्यावर मिळायचा, म्हणजे स्पेसिफिकेशन वाचण्याची गरज उलट जास्तच.

तर पॉलिसीबरोबर दोन कागद मिळतात. एक दोन पानी, हिरव्या-लाल खुणांचा, वाचायला सोपा. दुसरा पन्नास-साठ पानी, झोप आणणारा. क्लेम मंजूर-नामंजूर होतो तो या दुसऱ्यावर. तो पहिल्या पानापासून वाचू नका, आधी व्याख्यांचे प्रकरण काढा. 'फॅमिली', 'ट्रिप', 'विंटर स्पोर्ट्स', 'क्लोज रिलेटिव्ह' या शब्दांचे अर्थ तिथे कंपनीने स्वतःचे दिलेले असतात आणि ते तुमच्या-आमच्या अर्थांशी जुळतीलच असे नाही.

'फॅमिली'चेच घ्या. आपल्या मनात फॅमिली म्हणजे आपण चौघे, शिवाय उन्हाळ्यात सहा महिने आलेले आई-बाबा. कंपनीच्या मनात फॅमिली म्हणजे एका पत्त्यावर राहणारे, इथले रहिवासी असलेले नवरा-बायको आणि अठराच्या आतली मुले (शिकत असतील तर काही ठिकाणी तेवीसपर्यंत). व्हिसावर आलेले आई-बाबा त्यात बसत नाहीत. त्यांचा विमा वेगळा काढावा लागतो आणि त्यातही जुन्या आजारांना बहुधा फक्त जिवावर बेतले तरच पैसे मिळतात. त्यांना टिटलिसच्या फिरत्या पाळण्यात बसवून तीन हजार मीटरवर नेणार असाल तर हे आधी बघा. दुसरे असे, की बऱ्याच वार्षिक पॉलिसींत मुलाला संरक्षण असते ते आई-बाप बरोबर असतानाच. चिरंजीव शाळेच्या ट्रिपने एकटे आल्प्सला निघाले, की घरची पॉलिसी घरीच राहते. शाळेच्या विम्याचा कागद मागून घ्या. शाळा देते, आपणच मागत नाही.

"पण आपल्याकडे ते हेल्थ कार्ड आहे ना?" हा पुढचा प्रश्न. आहे. ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून नवी जीएचआयसी कार्डे मिळतात, फुकट मिळतात आणि जरूर जवळ ठेवावीत. पण त्या कार्डाने युरोपियन युनियनमध्ये काय मिळते? तिथल्या माणसाला सरकारी दवाखान्यात ज्या दराने उपचार मिळतात, त्या दराने तुम्हाला. तो काही हिस्सा भरत असेल, तर तुम्हीही भरायचा. डोंगरावरून खाली आणायचा खर्च त्यात नाही. पाय प्लॅस्टरमध्ये, विमानात तीन सीट अडवून घरी परत यायचा खर्च नाही. स्की रिसॉर्टच्या पायथ्याशी जे चकाचक क्लिनिक असते ते बहुतेकदा खाजगी, तिथे कार्ड दाखवून उपयोग नाही. आणि आपल्याकडून बरेच लोक जातात ते अँडोरा तर युनियनमध्येच नाही, तिथे कार्ड चालतच नाही.

डोंगरावरून खाली आणणे ही काय चीज आहे, तेही सांगतो. फ्रान्समध्ये १९८५ च्या पर्वत कायद्यापासून स्कीच्या उतारांवरच्या बचावकार्याचे पैसे वसूल करण्याचा अधिकार गावाच्या नगरपालिकेला आहे. स्लेजवर घालून खाली आणले तरी बिल येते. ऑस्ट्रियात हेलिकॉप्टर आले तर आकडा हजारो युरोंत जातो. कुणाला बोलवायचे ते तुम्ही बर्फात पडलेले असताना दुसराच कुणीतरी ठरवतो, बिल मात्र तुमच्या नावावर फाटते. म्हणून वैद्यकीय आणि बचावाच्या रकमेला आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे : युरोपसाठीसुद्धा दहा लाख पौंडांच्या खालची पॉलिसी बघायचीच नाही, अमेरिकेसाठी वीस लाख. हरवलेल्या बॅगेचे अडीचशे मिळतात की पाचशे यावर सौ. आणि आम्ही पूर्वी अर्धा तास वाद घालत असू. आता घालत नाही. बॅग गेली तर गेली.

आता खेळांकडे येऊ. साध्या वार्षिक पॉलिसीत स्कीइंग बहुधा नसतेच, 'विंटर स्पोर्ट्स' वेगळे पैसे भरून जोडावे लागते आणि त्यालाही वर्षातून अमुक दिवस अशी मर्यादा असते. ते जोडले तरी पुढे ऑफ-पिस्ट नावाचा प्रकार आहे. आल्प्समध्ये हिरव्या, निळ्या, लाल, काळ्या खुणांनी आखलेली वाट म्हणजे पिस्ट. दोन पिस्टच्या मधली जी मोकळी, मऊ, मोहात पाडणारी जागा दिसते, ती हाकेच्या अंतरावर असली तरी ऑफ-पिस्ट. काही पॉलिसी म्हणतात चालेल, काही म्हणतात गाइड हवा, काही म्हणतात अजिबात नाही. स्थानिक इशाऱ्याविरुद्ध गेलात तर कुणीच देत नाही. हिमप्रपाताच्या धोक्याचा एक ते पाच असा आकडा रोज सकाळी लिफ्टपाशी लावलेला असतो, तो मुलांना वाचायला शिकवा. आमच्या कन्येला तो कळतो, आम्हाला मात्र अजून चष्मा शोधावा लागतो. स्नो-पार्कमधल्या उड्या, शर्यती (शाळेची सुद्धा!) हे अनेकदा वगळलेले असते. आणि संध्याकाळी गरम वाइनचे दोन पेले झाल्यावर "एक शेवटची राउंड" मारायची कल्पना ज्यांना सुचते त्यांनी दारूचे कलम आधी वाचावे.

इटलीचे वेगळेच आहे. तिथे १ जानेवारी २०२२ पासून उतारावर स्की करणाऱ्या प्रत्येकाकडे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा विमा असणे सक्तीचे आहे. नसेल तर दंड होतो आणि लिफ्टचा पासही काढून घेतात. आपल्या पॉलिसीत 'पर्सनल लायबिलिटी' असते, पण ती स्कीइंग करतानाही लागू आहे ना, ते बघा आणि त्याचा कागद खिशात ठेवा. नसेल तर पासबरोबर तिथेच विकत मिळते. एक खोच सगळीकडेच असते : इंजिन असलेल्या वाहनामुळे झालेली इजा या लायबिलिटीत बहुधा धरत नाहीत. म्हणजे स्नोमोबील, क्वाड बाइक आणि गोव्यातली भाड्याची स्कूटर, तिन्ही बाद. स्वतःला लागले तर उपचाराचे पैसे मिळतीलही, तेही हेल्मेट आणि लायसन्स असेल तर. समोरच्याला लागले तर तुम्ही आणि तुमचे नशीब.

घरात कुणाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर शेंगेन व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंच्या विम्याचे सर्टिफिकेट लागते. ते घेतले की आपल्याला हायसे वाटते. पण ते व्हिसा मिळवायचे सर्टिफिकेट आहे. त्यात स्कीइंग असेलच असे नाही, आणि तीस हजार युरोंत हेलिकॉप्टर, ऑपरेशन आणि परतीचा प्रवास बसवायला देवाची कृपा लागेल. एकाच घरात तिघे एका पॉलिसीवर आणि आई व्हिसाच्या सर्टिफिकेटवर, असा प्रकार आम्ही पाहिला आहे. आईच सगळ्यांत जास्त पडत होती.

आता भारताच्या ट्रिपकडे वळू, कारण तिथे तर विम्याची आठवणच होत नाही. "आपल्याच घरी चाललोय, विमा कशाला?" पण आजोळी गेलेली मुले आता अंगणात लगोरी खेळत नाहीत. त्यांना कामशेतला पॅराग्लायडिंग हवे, कोलाडला राफ्टिंग हवे, मालवण-तारकर्लीला पाण्याखाली जायचे असते. पॉलिसीच्या मागे खेळांची यादी असते ती काढा आणि शब्द नीट बघा. बोटीला बांधलेल्या छत्रीने वर जाणे ते पॅरासेलिंग, डोंगरावरून स्वतंत्र छत्रीने उडी मारणे ते पॅराग्लायडिंग. पहिले अनेकदा साध्या पॉलिसीत असते, दुसऱ्याला जादा पैसे किंवा सरळ नकार. मामा दोघांनाही "त्या छत्रीत बसूया" असेच म्हणणार! राफ्टिंगला पाण्याच्या वेगाची प्रत बघतात. चालण्याला उंची बघतात : आपल्या कळसूबाईला (१,६४६ मीटर) कुणाची हरकत नाही, पण लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे आणि पँगाँग सव्वाचार हजारांच्या वर. नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे तर ५,३६४ मीटरला पोचतात, त्यांच्यासाठी मर्यादा किती हे आकड्यात लिहिलेले पाहिजे. तिथे हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला फोन करा. गरज नसताना ट्रेकर्सना खाली उडवून नेऊन विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचा मोठा घोटाळा २०१८ मध्ये नेपाळात उघड झाला होता, तेव्हापासून कंपन्या फार बारकाईने बघतात.

पाण्याखाली जाणाऱ्यांसाठी : ओपन वॉटरचे सर्टिफिकेट असलेल्याला अठरा मीटर ही नेहमीची मर्यादा. पॉलिसीतही खोलीचा आकडा असतो आणि शिक्षक बरोबर असण्याची किंवा तुमच्याकडे सर्टिफिकेट असण्याची अटही. डुबकीनंतर लगेच विमानात बसू नये. एकापेक्षा जास्त डुबक्या मारल्या असतील तर अठरा तास थांबा असे डायव्हिंगवाले सांगतात, पॉलिसी पुष्कळदा चोवीस म्हणते. जे जास्त असेल ते धरा.

भारताच्या ट्रिपची आणखी एक गोम. शाळेची उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची, आणि वार्षिक पॉलिसीत एका ट्रिपची मर्यादा बहुधा एकतीस दिवसांची. लोकांना वाटते, एकतीस दिवस तरी विमा आहेच. काही पॉलिसींत तसे नसते हो : ट्रिप मुळातच लांबची ठरवली असेल, तर पहिल्या दिवसापासून विमा नाही. थोडे पैसे भरून मर्यादा पंचेचाळीस किंवा साठ दिवसांची करून मिळते. तिकिटे काढतानाच करा.

आता जे सांगायचे आहे ते जरा नाजूक आहे. आपली माणसे आजार लपवतात. खोटे बोलायचे म्हणून नाही. आपल्याला तो आजार वाटतच नाही. "साखर जरा वर असते." "बीपीची एकच गोळी आहे, तीही अर्धी." थायरॉइड तर निम्म्या घरांत आहे आणि त्याची गणना आजारात न करता रोजच्या चहात होते. फॉर्मवर प्रश्न येतो : गेल्या दोन (कुठे पाच) वर्षांत कसले औषध घेतले का? आपण 'नाही' म्हणून पुढे जातो. प्रीमियम ऐंशी पौंड येतो, बरे वाटते.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या छातीत अँडोराच्या उतारावर दुखायला लागले. पन्नाशीही नव्हती. खाली आणले, हॉस्पिटलमध्ये नेले, तिथून हलवून बार्सिलोनाला स्टेंट घातला. माणूस वाचला, उत्तम आहे. बिल आले तेव्हा कंपनीने त्यांच्या संमतीने इथल्या जी.पी.कडून कागद मागवले. त्यात बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, तारखांसकट! फॉर्मवर दोन्ही नव्हत्या.

इथला कायदा या बाबतीत समजून घेण्यासारखा आहे. ग्राहकांच्या विम्यासंबंधीचा २०१२ चा कायदा २०१३ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याप्रमाणे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वाजवी काळजी घेऊन देणे एवढीच तुमची जबाबदारी. जाणूनबुजून खोटे सांगितले असे ठरले तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते, क्लेम शून्य. निष्काळजीपणा ठरला आणि खरे सांगितले असते तर कंपनीने नुसता प्रीमियम वाढवला असता, तर क्लेम त्या प्रमाणात कापतात. त्रैराशिक आहे : भरले ऐंशी, भरायला हवे होते दोनशे, म्हणजे चाळीस टक्के. पंधरा हजारांच्या बिलाचे सहा हजार कंपनी देणार, नऊ हजार तुम्ही. या गृहस्थांचे साधारण असेच झाले, आणि वाचवले होते एकशेवीस पौंड. त्यांच्या सौभाग्यवतींनी हे आम्हाला सांगायची आणि लिहायचीही परवानगी दिली. "नाव तेवढे नको, पण लिहाच," म्हणाल्या.

तेव्हा फॉर्म भरताना घरातल्या प्रत्येकाची औषधांची यादी, जी.पी.च्या नोंदीतून काढलेली, समोर ठेवा. मुलाचा दम्याचा पंप, आईची थायरॉइडची गोळी, आणि ज्या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचा आहे तीही. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. वार्षिक पॉलिसी घेतल्यावर मध्येच डॉक्टरने नवीन गोळी सुरू केली तर तेही कळवावे लागते, निदान पुष्कळ पॉलिसींत. आजारामुळे प्रीमियम फारच चढवला किंवा नकारच दिला, तर मनीहेल्पर या सरकारी पाठबळाच्या सेवेकडे अशा लोकांचा विमा काढणाऱ्या कंपन्यांची यादी असते. आणि वार्षिक पॉलिसी हातात आल्यापासून चौदा दिवसांत, मध्ये प्रवास किंवा क्लेम केला नसेल तर, परत करता येते. त्या चौदा दिवसांत ती साठ पाने वाचा, एका संध्याकाळचे काम आहे.

अपघात झालाच तर कंपनीचा मदतीचा नंबर फोनमध्ये असावाच, पण कागदावर लिहून प्रत्येकाच्या जॅकेटच्या खिशातही असावा. बर्फात फोनची बॅटरी पटकन संपते. हॉस्पिटलमध्ये भरती होण्याआधी, निदान दुसरीकडे हलवण्याआधी त्यांना कळवा. डॉक्टरचा रिपोर्ट आणि पावत्या तिथून निघतानाच घ्या, नंतर पत्रव्यवहार करून फ्रेंच भाषेतला रिपोर्ट मागवणे म्हणजे सातबाराचा उतारा काढण्यासारखे आहे. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. त्यांना आठ आठवडे असतात. त्यांचे अंतिम उत्तर पटले नाही तर त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बड्समनकडे जाता येते. तिथे आपल्याला एक पेनीही पडत नाही आणि वकीलही लागत नाही. आपले लोक पहिल्या नकारालाच "जाऊ दे" म्हणतात, ते बरोबर नाही.

राहिला प्रश्न पॉलिसी घ्यायची कधी, याचा. सहलीचे पैसे भरले त्याच दिवशी, आणि वार्षिक असेल तर ती सुरूही त्याच दिवसापासून व्हायला हवी. कारण आपल्या सहली मोडतात त्या बर्फामुळे क्वचितच. मोडतात त्या रात्री दोन वाजता तिकडून आलेल्या फोनमुळे. सगळे सोडून पहिले विमान पकडायचे असते, स्कीच्या पैशांचा विचारही मनात येत नाही. पण ते तीन-चार हजार पौंड परत मिळणार की नाही हे त्या 'क्लोज रिलेटिव्ह'च्या व्याख्येत असते. काही पॉलिसींत तो नातलग ब्रिटनमध्येच राहणारा असावा लागतो. काहींत नातलग कुठेही चालतो, पण त्याचा जुना आजारच बळावला असेल तर पैसे नाहीत. कंपनीला फोन करून सरळ विचारा : आमची आई पुण्याला असते, एक्याऐंशी वर्षांची आहे, बायपास झालेली आहे, तिच्यासाठी ट्रिप रद्द करावी लागली तर तुम्ही पैसे द्याल का? काय म्हणतील ते ई-मेलने लेखी मागवून घ्या आणि पॉलिसीला जोडून ठेवा.